धानाचा बोनस: क्विंटलवरून हेक्टरवर

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड परिसरात धान हेच खरिपाचे मुख्य पीक आहे. इथल्या शेतकऱ्याला मिळणारे सरकारी पैसे निरनिराळ्या योजनांतून, निरनिराळ्या वेळी येतात. त्यांत सर्वाधिक चर्चा होते ती धानाच्या बोनसची.

बोनसच्या आधी हमीभाव समजून घ्यायला हवा. हमीभाव म्हणजे अनुदान नव्हे. ती विकलेल्या मालाची किंमत असते. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. देवरीसारख्या आदिवासी तालुक्यात या भावाने धानाची खरेदी आदिवासी विकास महामंडळ स्थानिक आदिवासी सहकारी संस्थांमार्फत करते. सातबारा आणि बँक खात्यासह आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. केंद्रावर धानाचा ओलावा तपासतात. तो १७ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला की पोती परत अंगणात वाळवायला न्यायची. बारदाना वेळेवर न येणे आणि चुकारे रखडणे या तक्रारी तर खरेदीच्या हंगामाला चिकटलेल्याच आहेत.

हमीभावाच्या वर बोनस राज्य सरकार देते. काही वर्षे तो क्विंटलवर होता: २०२०-२१ मध्ये ७०० रुपये, तोही ५० क्विंटलच्या मर्यादेत. मोजमाप पोत्यांचे असल्याने पळवाटही पोत्यांतूनच निघाली. व्यापाऱ्याने परराज्यातला स्वस्त धान आणायचा, शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर विकायचा आणि बोनस पदरात पाडायचा, असे आरोप होत राहिले. छत्तीसगडला लागून असलेल्या भागात ते खोटे पाडणे सोपे नव्हते. पुढच्या वर्षी बोनस मिळालाच नाही. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात सरकारने हेक्टरी १५,००० रुपये जाहीर केले, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. नंतरच्या हंगामात ही रक्कम २०,००० झाली.

या बदलाने कोणाचे भले झाले, हे बांधीत किती धान पिकतो यावर ठरते. हेक्टरी २०,००० रुपये म्हणजे जुन्या ७०० च्या दराने साडेअठ्ठावीस क्विंटलचा बोनस. ज्याच्या बांधीला तलावाचे पाणी आहे आणि हेक्टरी चाळीस क्विंटल पिकतात, त्याला जुना हिशेब बरा होता. पावसाच्या भरवशावर रोवणी करणाऱ्याला नवा फायद्याचा: वीस क्विंटल पिकले तर पूर्वी १४,००० मिळाले असते, नव्या पद्धतीत २०,०००. एका एकराचा मालक मात्र ८,००० रुपयांवरच थांबतो. शिवाय पैसा पिकाऐवजी क्षेत्राला चिकटल्याने दुसरी पळवाट उघडली: सातबाऱ्यावर धान दाखवायचा, लावायचा नाही. म्हणून ई-पीक पाहणीतली, म्हणजे मोबाइलवरून केलेली पिकाची नोंद महत्त्वाची ठरली.

केंद्र सरकारच्या पीएम-किसान योजनेचे पैसे पिकाशी जोडलेले नाहीत. डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या या योजनेत वर्षाला २,००० रुपयांचे तीन हप्ते मिळतात. सुरुवातीची दोन हेक्टरांची अट २०१९ मध्येच निघाली. पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जाते. प्राप्तिकर भरणारे आणि बहुतेक सरकारी नोकर वगळले जातात. राज्याने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी ६,००० रुपयांची भर घातली. दोन्ही मिळून महिन्याला हजार रुपये होतात. रोवणीच्या मजुरीपुढे ही रक्कम फार मोठी नाही, पण खात्रीची आहे.

खताचे अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात कधी दिसतच नाही. ४५ किलो युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. उरलेला खर्च केंद्र सरकार कंपनीला देते. दुकानदार यंत्रावर अंगठा घेतो तो या व्यवहाराच्या नोंदीसाठीच.

खात्यात येणाऱ्या पैशासाठी आधार, ई-केवायसी आणि आता शेतकरी ओळख क्रमांक लागतो. सगळ्याच्या मुळाशी असतो सातबारा. वडील वारल्यावर फेरफार झाला नसेल, तर मुलांचे पैसे अडतात. पीएम-किसानला १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेली जमीन चालत नाही. वारसाहक्काने आलेली चालते. ठेक्याने किंवा बटईने शेती करणारा तर या हिशेबात येतच नाही. चिखलणी, रोवणी, कापणी त्याने केली तरी हप्ता आणि बोनस सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्याच खात्यात जातात. त्यातले काही त्याला द्यायचे की नाही, हे दोघांच्या तोंडी करारावर सोडलेले असते.