वॅगन-आर : नवी घ्यावी की वापरलेली?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी छोट्या मोटारींवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा एक टक्का सेसही गेला, आणि तेव्हापासून आमच्या बाजारपेठेत गाडीची चर्चा वाढली आहे. मोटारसायकलवर गठ्ठे बांधून गावोगाव उधारी वसूल करणारे छोटे व्यापारी आणि कारागीरही आता चार चाकांचा विचार करू लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. मात्र गाडी पसंत करताना आमचे बांधव रंग, टेप आणि मेव्हण्याचा सल्ला यापलीकडे फारसे जात नाहीत. सुताचा काउंट तपासल्याशिवाय पोते न उचलणारा माणूस तीन-चार लाखांची जुनी गाडी रात्रीच्या उजेडात पाहतो आणि बयाणा देऊन येतो.

म्हणून आज आम्ही एकाच गाडीचा हिशेब मांडत आहोत, तो म्हणजे मारुतीच्या वॅगन-आरचा. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, मिस्त्री तिला ओळखतात, छत उंच असल्याने घरातील वडीलधारी मंडळी न वाकता बसतात, आणि मागची बाकडी पाडली की कापडाचे तागे आडवे ठेवता येतात. शिवाय नवी आणि जुनी अशा दोन्ही रूपांत ती भरपूर मिळते.

सुझुकीने ही उंच बांधणीची छोटी गाडी जपानमध्ये १९९३ साली काढली. आपल्याकडे ती १९९९ च्या डिसेंबरात आली. आजवर तिच्या तीन पिढ्या झाल्या आहेत. नाव एकच असल्याने विकणारा तिन्हींना एकाच तराजूत तोलतो. गिऱ्हाइकाने तसे करू नये.

पहिली पिढी १९९९ ते २०१०. इंजिन १०६१ सी.सी., चार सिलिंडरचे. चालायला मऊ, पण त्यात टायमिंग बेल्ट आहे; तो वेळेवर बदलला नाही आणि तुटला तर खर्च मोठा येतो. २००६ पासून 'ड्युओ' नावाने एल.पी.जी.वर चालणारीही निघाली होती. या पिढीतल्या सर्व गाड्यांची पंधरा वर्षे आता भरली आहेत. म्हणजे तुम्ही गाडीची नव्हे, चालू कागदाची किंमत देत आहात. नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, ग्रीन टॅक्स भरला आहे का, हे आधी पाहावे. नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. ते विकणाऱ्यानेच करून द्यावे आणि मग पैसे घ्यावेत. "करून देतो" या शब्दावर गाडी उचलू नये. ज्यांना गावातल्या गावात कारखाना ते रंगाई एवढीच फेरी आहे, त्यांच्याखेरीज इतरांनी या पिढीकडे वळू नये असे आमचे मत आहे.

दुसरी पिढी एप्रिल २०१० पासून २०१८ च्या अखेरपर्यंत. इंजिन ९९८ सी.सी., तीन सिलिंडरचे, के-सिरीज म्हणतात ते. यात बेल्टऐवजी टायमिंग चेन आहे. मशीन काटक. जागेवर उभी असताना थोडी थरथरते, तो तीन सिलिंडरचा स्वभाव आहे, दोष नव्हे. कंपनीची सी.एन.जी. गाडी याच पिढीपासून मिळू लागली. डिकी मात्र १८० लिटरची, म्हणजे दोन बॅगांची. साध्या मॉडेलांत एअरबॅग नाही.

तिसरी पिढी जानेवारी २०१९ पासून. हिचा सांगाडा नवा आहे, वजन कमी आहे, रुंदी वाढली आहे आणि डिकी ३४१ लिटरची झाली. इंजिने दोन, ९९८ आणि ११९७ सी.सी. २०२२ मध्ये दोन्ही इंजिने सुधारली गेली. कंपनी लहान इंजिनाला लिटरमागे २४.३५ किलोमीटर सांगते. गाव आणि महामार्ग मिळून सतरा-अठरा धरावेत. माल भरून फिरणाऱ्याला, विशेषतः नाशिकच्या वाटेवर राहुड घाट चढणाऱ्याला, आम्ही मोठे इंजिन सुचवू. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठीच बनवल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या एकदा तपासून घ्याव्यात.

सुरक्षिततेच्या बाबतीत ही गाडी मजबूत म्हणून मिरवण्यासारखी नाही. ग्लोबल एनकॅपच्या २०१९ च्या चाचणीत तिला दोन तारे मिळाले. २०२३ मध्ये, नियम कडक झाल्यावर, मोठ्यांसाठी एक तारा आणि मुलांसाठी शून्य. २०२५ च्या मे महिन्यात कंपनीने सर्व मॉडेलांत सहा एअरबॅग देण्याचे जाहीर केले. रात्री-अपरात्री मुंबई-आग्रा महामार्गावर सहकुटुंब प्रवास करणाऱ्याने हा फरक पैशांत मोजू नये.

आता भावाकडे येऊ. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या भावावरून काढावा. विकणाऱ्याने ती किती पैशांत घेतली होती यावरून नव्हे. कर उतरल्यावर वॅगन-आरच्या सर्वात साध्या मॉडेलची शोरूम किंमत ४,९८,९०० रुपये झाली होती. महाराष्ट्राचा अकरा टक्के रस्ताकर आणि विमा धरून ती अंदाजे ५ लाख ८५ हजारांत दारात उभी राहते. नोंदणी पंधरा वर्षांची. भागाकार केला तर वर्षाला ३९ हजार रुपये पडले.

सहा वर्षांची गाडी घ्यायची तर नऊ वर्षे शिल्लक आहेत. नऊ गुणिले ३९ हजार म्हणजे ३ लाख ५१ हजार. यातून टायर, बॅटरी, क्लच आणि एक नीट सर्व्हिसिंग यांचे तीस हजार वजा करा. राहिले ३ लाख २१ हजार. तुमची बोली याच्या खाली सुरू व्हावी, कारण जुन्या गाडीला वॉरंटी नाही आणि एअरबॅगही कमी आहेत. त्याच रीतीने दहा वर्षांच्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या गाडीला पाच वर्षे उरतात. १ लाख ९५ हजारांतून पंचेचाळीस हजार दुरुस्तीचे काढले की दीड लाख. बाजारात याहून वरचे भाव सर्रास सांगितले जातात, कारण विकणाऱ्याच्या डोक्यात सप्टेंबर २०२५ पूर्वीचा नव्या गाडीचा भाव बसलेला आहे. तो तिथून काढणे हे घेणाऱ्याचे काम. सहा वर्षांच्या गाडीला कोणी पावणेचार लाख मागत असेल, तर वर्षाचा हिशेब नव्या गाडीपेक्षा महाग पडतो, हे त्याला कागदावर मांडून दाखवावे.

वर्षाचा भाव सारखाच पडत असेल तर नवीच का घेऊ नये, असे कोणी विचारील. नोकरदारासाठी प्रश्न रास्त आहे. व्यापाऱ्यासाठी उत्तर वेगळे आहे, कारण त्याची रोख रक्कम म्हणजे दुकानातलाच माल. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण व्याजाचे कर्ज टाळतात आणि गाडी रोखीने घेतात. नव्या गाडीत ५ लाख ८५ हजार गुंततात, जुनीत दुरुस्तीसह साडेतीन. मधले २ लाख ३५ हजार धंद्यात राहिले, वर्षातून चार वेळा फिरले आणि दर फेऱ्याला खर्च वजा जाता चार टक्के सुटले, तर वर्षाला ३७ हजार ६०० रुपये होतात. एवढ्या पैशांत जुन्या गाडीची सर्व दुरुस्ती निघून वर काही उरते. पण ज्याचा माल वर्षातून दोनदाच फिरतो आणि तीन टक्केच सुटतात, त्याच्या हाती चौदा हजार येतात, आणि उधारी बुडाली तर तेही नाहीत. त्याने नवी घेऊन स्वस्थ राहावे. आपला माल किती वेळा फिरतो हे ज्याचे त्याला ठाऊक असते. शेजाऱ्याची गाडी पाहून ते कळत नाही.

सी.एन.जी.बद्दल आमच्याकडे सर्वात जास्त विचारणा होते. नव्या गाडीत पेट्रोल आणि सी.एन.जी. यांत सुमारे नव्वद हजारांचा फरक आहे. हिशेबासाठी पेट्रोल १०४ रुपये लिटर, गॅस ९० रुपये किलो धरू. वाचकांनी आपल्या गावचा भाव घालावा. पेट्रोल लिटरला सतरा किलोमीटर दिले तर किलोमीटरला ६ रुपये १२ पैसे, गॅस किलोला सव्वीस दिले तर ३ रुपये ४६ पैसे. बचत किलोमीटरमागे २ रुपये ६६ पैसे. आठवड्यातून दोनदा मालेगाव-नाशिक ये-जा करणाऱ्याचे महिन्याला सोळाशे-सतराशे किलोमीटर होतात. त्याचे नव्वद हजार वीस-एकवीस महिन्यांत फिटतात. महिन्याला चारशे किलोमीटर फिरणाऱ्याला सात वर्षे लागतील. त्याने गॅसच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही.

आणि कापडवाल्यांसाठी आणखी एक अडचण. साठ लिटर मापाची गॅसची टाकी डिकीतच बसते, म्हणजे ज्या ३४१ लिटर जागेसाठी तिसरी पिढी घ्यायची ती जागाच जाते. वापरलेली सी.एन.जी. गाडी घेताना टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का ते प्रमाणपत्रावर पाहावे, आणि किट कंपनीचे आहे की बाहेर बसवलेले, व त्याची नोंद आर.सी.वर आहे का, हे विचारावे. नोंद नसेल तर गाडी सोडून द्यावी.

मालाचा विषय निघालाच आहे तर विम्याचे बोलले पाहिजे, कारण इथे आमचे बांधव हमखास गाफील असतात. खासगी मोटारीच्या विमा पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले असते की नमुने आणि स्वतःचे सामान सोडून मालवाहतुकीसाठी गाडी वापरता येणार नाही. दहा नमुन्यांचे तुकडे चालतील. पण शंभर मीटरचा एक तागा पंधरा-अठरा किलोचा होतो. असे पंधरा तागे भरले म्हणजे अडीचशे किलो माल झाला. त्या अवस्थेत अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते. ज्याला रोज माल न्यायचा आहे त्याने वॅगन-आरचा नाद सोडून मालवाहू म्हणून नोंदवलेली इको कार्गो किंवा तत्सम गाडी पाहावी. तिच्यावर भरलेल्या जी.एस.टी.चे इनपुट क्रेडिट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळते. प्रवासी मोटारीवर ते मिळत नाही, मग बिल दुकानाच्या नावाने असो वा नसो. काही शोरूमवाले "क्रेडिट मिळून जाईल" असे सांगून दुकानाच्या नावाने बिल फाडतात. त्यांचे ऐकू नये, आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

दुकानाच्या वहीत घेतलेली गाडी विकतानाही कर लागतो, हे अनेकांना माहीत नसते. नोंदणीकृत व्यापाऱ्याने जुनी गाडी विकली तर फरकाच्या रकमेवर जी.एस.टी. द्यावा लागतो. छोट्या गाड्यांसाठी हा दर बारा टक्के होता, जानेवारी २०२५ पासून अठरा झाला. आयकरात घसारा घेतला असेल तर फरक म्हणजे विक्रीची किंमत वजा वहीतली घसारा कापलेली किंमत. सहा लाखांची गाडी दरसाल पंधरा टक्के घसाऱ्याने पाच वर्षांत २ लाख ६६ हजारांवर येते. ती ३ लाख २० हजारांना विकली तर चोपन्न हजारांवर कर, म्हणजे साडेनऊ हजारांच्या वर. वहीतल्या किमतीपेक्षा कमीत विकली तर काही नाही. घरगुती वापराची, वहीबाहेरची गाडी घरगुती माणसाने विकली तर हा कर लागत नाही.

गाडी पाहायला सकाळी जावे, इंजिन थंड असताना. आधीच सुरू करून तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. सुरू होताच निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे. बॉनेट उघडून पुढच्या पट्टीवरचे वेल्डिंग पाहावे. कारखान्याचे ठिपके एकसारखे असतात, गॅरेजचे वेडेवाकडे. दरवाजाची रबरे ओढून खांबाचा रंग पाहावा. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीकडील गाडी असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरांचा विचार ठेवावा. सीटखालच्या रुळांवर गंज, गालिच्याखाली ओल, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर टोकाला चिखलाची रेघ, यांपैकी एक जरी दिसले तरी भाव करू नये. पुरातली गाडी वर्षभर छान चालते आणि मग तिच्या वायरिंगचा आजार सुरू होतो, तो कोणत्याच मिस्त्रीला सापडत नाही. किलोमीटरचा आकडा पाहून भुलू नये. पेडलचे रबर आणि स्टिअरिंगची चमक आकड्यापेक्षा खरे बोलतात. मिस्त्री आपला न्यावा, विकणाऱ्याने बोलावलेला नको, आणि त्याला त्याची मजुरी सौदा झाला तरी, न झाला तरी द्यावी.

कागदांत आर.सी., विमा, पी.यू.सी. आणि गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे फॉर्म ३५ सह ना-देणे पत्र पाहावे. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट लागली आहे का हेही बघावे. दुसऱ्या राज्यातली असेल तर एन.ओ.सी. आधी. नावबदलासाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. त्या कोऱ्या फॉर्मवर घेऊन महिनोन्‌महिने कपाटात ठेवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, आणि त्यात विकणाराच अडकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात सांगितले आहे की आर.टी.ओ.च्या नोंदीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, मग गाडी प्रत्यक्षात कोणीही चालवत असो. म्हणून विकणाऱ्याने काही रक्कम नावबदल होईपर्यंत येणे ठेवावी आणि त्या मुदतीसह साध्या कागदावर लिहून घ्यावे. घेणाऱ्याने विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा, आणि अर्जाची पोच गाडीच्या कागदांतच ठेवावी.