उतरणीवरील श्रम आणि स्नायूंची दुखापत

बोरीवली येथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात प्रातःकाळी फिरावयास येणाऱ्यांपैकी काहीजण कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चढून जातात. त्यांना दम लागतो तो चढणीवर. परंतु दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या बहुतांशी उतरणीमुळे. या भेदाचे कारण समजले म्हणजे स्नायूंच्या दुखापतीचे पुष्कळसे मर्म उकलते.

चढताना मांडीचा पुढील स्नायू आखूड होऊन शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताण धरीत लांबत जातो व शरीराचा भार आवरून धरतो. या दुसऱ्या क्रियेत ऊर्जा कमी खर्च होते, पण काम करणाऱ्या प्रत्येक तंतूवर ताण अधिक पडतो. तंतूंची सूक्ष्म रचना जागोजागी विस्कटते आणि त्यानंतरच्या दाहामुळे वेदना २४ ते ७२ तासांत कळसास पोहोचते. अशा उशिरा येणाऱ्या वेदनेचे मूळ स्नायूच्या अंतर्गत फाटण्यात असावे, असे थिओडोर हफ यांनी १९०२ साली सुचविले होते. दुग्धाम्ल साचल्याने अंग दुखते ही समजूत अद्याप आढळते; परंतु व्यायामाने रक्तात वाढलेले दुग्धाम्ल सुमारे तासाभरात पूर्वपदावर येते.

व्यवहारात तीन अवस्था वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

(१) उशिरा येणारी वेदना : दोन्ही पायांत सारखी असते व आठवड्याच्या आत आपोआप शमते. हलके चालणे हितावह असते.

(२) स्नायू फाटणे : धावताना एकाएकी, एका ठिकाणी कळ येते; सूज व काळेनिळेपणा दिसतो. मांडीचा मागील स्नायू व पोटरी येथे हे विशेष घडते. आरंभी विश्रांती, दाबपट्टी व पाय उंच ठेवणे योग्य. चोळणे व शेकणे टाळावे. मात्र विश्रांती लांबवू नये. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील प्रयोगात दुखापतीनंतर दोन दिवसांनी क्रमशः व्यायाम सुरू करणारे खेळाडू, नऊ दिवस थांबणाऱ्यांपेक्षा सुमारे तीन आठवडे आधी खेळू लागले.

(३) स्नायुतंतूंचा व्यापक नाश : सवय नसता एकाच दिवशी शेकडो बैठका काढल्यास, विशेषतः उकाड्यात, हे संभवते. स्नायूंतील मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडास इजा करते. असह्य वेदना, अशक्तपणा व गडद तपकिरी लघवी ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. येथे विलंब प्राणघातक ठरू शकतो.

प्रतिबंधाचा मार्गही याच क्रियेतून निघतो. उतरणीचा एक माफक सराव पुढील काही आठवडे त्याच स्नायूस संरक्षण देतो. म्हणून व्यायामात खंड पडला असल्यास उतरण व बैठका थोड्या प्रमाणात आरंभून हळूहळू वाढवाव्यात. केवळ अंग ताणल्याने दुसऱ्या दिवशीची वेदना फारशी कमी होत नाही, असे एकत्रित अभ्यासांवरून दिसते. याउलट, गुडघ्यांवर बसून, घोटे सहकाऱ्याकडून धरवून, धड सावकाश पुढे झुकविण्याच्या व्यायामाने फुटबॉलपटूंमधील मांडीच्या मागील स्नायूच्या दुखापती स्पष्टपणे घटल्या आहेत. ज्या ताणाने स्नायू दुखावतो, त्याच ताणाची मोजकी सवय त्याला बळकट करते.