साथीच्या काळात तुमचा नेहमीचा दवाखाना अडचणीत का येतो?

‘साथ आली की डॉक्टरांची चांदी’, असं अनेकांना वाटतं. कोविडच्या काळात गल्लीतले दवाखाने आणि दहा-वीस खाटांची रुग्णालयं यांचा अनुभव मात्र बहुतांशी उलटा होता.

उत्पन्न का घटलं?
२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. मोतीबिंदू, हर्निया अशा पुढे ढकलता येणाऱ्या शस्त्रक्रिया थांबल्या. संसर्गाच्या भीतीने ओपीडी ओस पडली. लहान रुग्णालय याच रोजच्या कामावर चालतं. जागेचं भाडं, यंत्रांच्या कर्जाचे हप्ते आणि पगार मात्र थांबत नाहीत.

खर्च का वाढला?
पीपीई किट, मास्क, निर्जंतुकीकरण यांचा बोजा वाढला. रुग्णांमध्ये अंतर ठेवायचं म्हणून तेवढ्याच वेळात कमी जण तपासले जात. मे २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले: साध्या कक्षाला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. रुग्णांना या संरक्षणाची गरज होतीच. पीपीईचा खर्च त्या दरात धरलेला नव्हता, म्हणून तो बिलात वेगळा दिसे.

कर्मचाऱ्यांचं काय?
परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई करणाऱ्या मावशी रोज धोका पत्करून येत होत्या. कोविड ड्यूटीवर मृत्यू झाल्यास केंद्र सरकारचा ५० लाखांचा विमा होता. पण कापलेल्या पगाराची भरपाई त्यातून होत नव्हती. अनुभवी परिचारिका गावी परतली, की तिची जागा लगेच भरत नाही.

तुम्ही काय कराल?
दवाखाना बंद पडला, तर पहिला फटका मधुमेह, रक्तदाबाच्या रुग्णांना बसतो. म्हणून:
• गोळ्या स्वतःहून बंद करू नका. फोन किंवा व्हिडिओवरून सल्ला घ्या आणि त्याची फीही द्या. तोही डॉक्टरांचा वेळच आहे.
• बिलाचा तपशील जरूर मागा. प्रश्न विचारा, पण समोरच्या सिस्टरवर राग काढू नका.
• पैशांची अडचण असेल तर उपचाराआधीच सांगा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा आजार बसतो का, हेही विचारा.
• छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, यापैकी काहीही झालं तर थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा.

साथ ओसरते. त्यानंतरही तुमची जुनी फाईल ओळखणारा दवाखाना जवळ असायला हवा.