आधीचं ऑपरेशन पुरतं भरून येऊ द्या (लेखांक ८)

स्लीव्ह आणि गॅस्ट्रिक बायपास या वजन उतरवण्याच्या दोन ऑपरेशनांतला फरक गेल्या आठवड्यात पाहिला. आज प्रश्न वेळेचा. कुणाची गर्भपिशवी काढलेली असते, कुणाचं सिझर झालेलं असतं, कुणाची नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली असते. मग वजनाचं ऑपरेशन कधी करायचं? सरसकट लागू पडेल असा आकडा नाही. शरीर आतून किती सावरलंय, त्यावर ते ठरतं.

टाके आठ-दहा दिवसांत निघतात. पण जखमेला मूळच्या ताकदीच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचायला जवळपास तीन महिने लागतात. पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर आत आतडी एकमेकांना आणि पोटाच्या पडद्याला चिकटतात. पहिल्या काही आठवड्यांत हा चिकटलेला भाग रक्ताळलेला आणि नाजूक असतो. तो सोडवताना आतड्याला भोक पडू शकतं. म्हणून तातडी नसेल, तर त्या काळात पुन्हा पोटात शिरणं सर्जन टाळतात.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पोषणाची. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि स्लीव्हमध्ये तर जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. त्यानंतरचे पहिले आठवडे पातळ पदार्थांवर काढायचे असतात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. वाटीभर वरणातून मिळतात जेमतेम पाच-सात. आधीच्या ऑपरेशनात रक्त गेलेलं, हिमोग्लोबिन खाली आलेलं आणि त्यावर हा उपास! गर्भपिशवी काढलेल्या बायकांनी तर कितीदा आधीची काही वर्षं अंगावरून खूप जाणं सोसलेलं असतं. वजन जास्त म्हणजे अंगात साठा भरपूर, हा समज घातक आहे. लठ्ठ माणसातही लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व कमी असू शकतं. या तपासण्या करून कमतरता भरून काढल्याशिवाय तारीख घेऊ नये.

हृदयात औषधी स्टेंट बसवला असेल, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात. त्या अवेळी बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन झटका येऊ शकतो. त्यामुळे तातडीची नसलेली शस्त्रक्रिया सहसा सहा महिने लांबवतात; स्टेंट हार्ट ॲटॅकनंतर बसवला असेल तर वर्षभर. गोळी कधी थांबवायची, हे हृदयरोगतज्ज्ञांनीच सांगायचं. पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल, तर निदान तीन महिने थांबावं लागतं.

गुडघा बदलायचा असेल तर क्रम उलटा करण्याचा विचार जरूर व्हावा. बीएमआय ४०च्या वर असेल, तर अनेक अस्थितज्ज्ञ आधी वजन उतरवायला सांगतात. गुडघा आधी झाला असेल आणि पुढे गॅस्ट्रिक बायपास ठरत असेल, तर वेदनाशामकांबद्दल आधीच बोलून घ्या. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी जठर आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो.

थांबणं सोपं नसतं. मधुमेह वाढत असतो, चालताना धाप लागत असते. या काळात साखर आटोक्यात आणा, सिगारेट किमान सहा आठवडे आधी पूर्ण सोडा. सर्जनकडे जाताना जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनच्या नोंदी न्या. हर्नियाची जाळी पोटात कुठे बसवली आहे, हे त्यांना नुसत्या व्रणावरून कळत नाही.

पुढच्या आठवड्यात : ऑपरेशननंतरचा पातळ आहार.