तारण आणि तारणहार

मराठीतील 'तारण' हा शब्द मोठा गमतीचा आहे. बँकेच्या काउंटरवर त्याचा अर्थ गहाण ठेवावयाची वस्तू असा होतो. कीर्तनात तोच शब्द कानी आला की मान भक्तिभावाने डोलू लागते. कर्ज मागावयास गेलेल्या माणसाला अधिकारी विचारतो, 'तारण काय?' आणि बुडू लागलेला कारखानदार मंत्रालयाकडे पाहून विचारतो, 'तारणार कोण?' या दोन प्रश्नांच्या मध्ये आपल्या आर्थिक धोरणाचा निम्माशिम्मा इतिहास सामावलेला आहे. ज्याच्याजवळ तारण नाही त्याला कर्ज नाही, आणि ज्याचे कर्ज पुरेसे मोठे आहे त्याला तारणाची चिंता नाही, असा या शास्त्राचा पहिला सिद्धांत मांडता येईल. तो पाठ्यपुस्तकात सापडत नाही. आमच्या नांदेड-लातूरकडे तो पुस्तकावाचूनच कळतो.

नांदेडची उस्मानशाही मिलच घ्या. सातव्या निझामाचे नाव लावून उभी राहिलेली ही गिरणी पुढे आजारी पडली. १९७४ साली केंद्र सरकारने कायदा करून देशातील १०३ आजारी कापडगिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले, त्यांत हिचाही नंबर लागला. आजारी माणसाला इस्पितळात नेतात ते बरा होऊन तो घरी यावा म्हणून. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ या इस्पितळातून आपल्या पायांनी चालत बाहेर आलेल्या गिरण्या फार थोड्या. खाटा वाढल्या, सलाईन चालू राहिले, बिल सरकारी तिजोरीने भरले. शस्त्रक्रिया मात्र, म्हणजे जुनी यंत्रे काढून नवी बसविण्याचे काम, बहुधा पुढच्या अर्थसंकल्पावर ढकलले गेले. नव्वदच्या दशकात महामंडळाच्या बहुतेक उपकंपन्या खुद्द आजारी उद्योगांच्या मंडळापुढे, बी.आय.एफ.आर.पुढे, जाऊन उभ्या राहिल्या. म्हणजे डॉक्टरच दाखल झाले! गिरणी शेवटी बंद पडली ती पडलीच. मात्र ती १९७४ सालीच बंद पडू द्यावयास हवी होती असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. ज्यांच्या घरात त्या गिरणीच्या पगारावर मुले शिकली, त्यांच्यासाठी ती वर्षे फुकट गेलेली नाहीत. प्रश्न आहे तो इतकाच की, मधल्या काळात मिळालेल्या मुदतीचे आपण काय केले.

याच दशकाच्या आरंभी, १९७२ मध्ये, राज्य सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. हेतू निःसंशय चांगला होता. शेतकऱ्याने अडत्याच्या दारात उभे राहू नये, त्याला हमीचा भाव मिळावा, आणि नफा झालाच तर तो बोनस म्हणून त्याच्याच घरी जावा. तोटा झाला तर? तर सरकार आहेच. परंतु कापूस हे पीक राज्यनिष्ठ नाही. बाहेर भाव चढला की किनवट, भोकर, धर्माबादकडील कापूस रातोरात सीमा ओलांडून तेव्हाच्या आंध्रात जाई. बाहेर भाव पडला की त्याच रस्त्याने पलीकडचा कापूस आमच्या खरेदी केंद्रांवर येऊन महाराष्ट्रीय होई. म्हणजे नफ्याच्या वर्षी माल बाहेर आणि तोट्याच्या वर्षी माल आत. कोणत्याही व्यापाऱ्याचे अशाने दिवाळे निघाले असते. योजनेचे निघाले नाही, कारण तिला निघावयास दिवाळे नव्हते, तिजोरी होती. याच नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने 'नांदेड-४४' हे संकरित वाण शोधून काढले आणि ते महाराष्ट्राबाहेरही गाजले. शास्त्रज्ञांनी झाडाला बोंडे वाढवून दिली; त्या बोंडांचा हिशेब जुळविणे मात्र कोणाला साधले नाही. या शतकाच्या आरंभी खाजगी व्यापाऱ्यांना मोकळीक मिळाली आणि एकाधिकार संपला.

हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोस कोर्नाई यांनी या रोगाला नाव दिले आहे: अंदाजपत्रकाची मऊ मर्यादा. समाजवादी देशांतील कारखाने पाहून त्यांनी ते दिले. तोटा झाला तरी कोणीतरी भरून देणार, हे एकदा व्यवस्थापकाला कळले की तो बाजाराकडे पाहणे सोडतो आणि राजधानीकडे पाहू लागतो. कोर्नाई मराठवाड्यात आले असते तर त्यांना हंगेरीची आठवण आली असती, पण येथे त्यांना आणखी एक शब्द शिकावा लागला असता, तो म्हणजे 'थकहमी'. साखर कारखान्याने कर्ज काढावे, राज्य सरकारने हमी द्यावी, कारखाना थकला की बँकेने सरकारकडे बोट दाखवावे आणि सरकारने अभ्यासासाठी समिती नेमावी. कर्ज घेणारे, देणारे आणि हमी देणारे एकाच पंगतीला जेवणारे असल्यावर वाढप्याचा हात आखडता राहील कसा? २०११ साली रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून राज्य सहकारी बँकेवर प्रशासक आले तेव्हा ही पंगत उठली. सहकारात कारखाना चालतच नाही असे नव्हे. लातूरचा 'मांजरा' चाललेला आपण पाहतोच. म्हणून तर न चालणाऱ्यांच्या सबबी ऐकवत नाहीत.

या क्षेत्रातील भाषाही अभ्यासण्याजोगी आहे. शेतकऱ्याचे कर्ज सोडले की ती 'माफी' होते, म्हणजे अपराध त्याचाच होता हे आधी ठरते. उद्योगपतीचे कर्ज लांबविले की ती 'पुनर्रचना'. २०१७ च्या ऑक्टोबरात सरकारी बँकांसाठी २ लाख ११ हजार कोटी रुपयांची तजवीज जाहीर झाली, ते 'पुनर्भांडवलीकरण'. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली बँकेला जे सोडून द्यावे लागते त्याला तर 'हेअरकट' म्हणतात. केस कापले जातात बँकेचे. गार वारा लागतो तो करदात्याच्या टाळूला. २००८ साली अमेरिकेत लेहमन ब्रदर्स १५ सप्टेंबरला बुडाली आणि दुसऱ्याच दिवशी ए.आय.जी. ही विमा कंपनी ८५ अब्ज डॉलर देऊन वाचविली गेली. एकीला बुडू का दिले आणि दुसरीला का तारले, याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ अजून शोधीत आहेत. त्याच वर्षी आपल्याकडे मोठी कर्जमाफी झाली. तीत दोन हेक्टरांची मर्यादा होती. कालव्याखाली चार एकर ऊस असणारा तीत पूर्ण बसला. मुखेडच्या माळावर सात एकर कोरडवाहू असणाऱ्याला सांगण्यात आले की, आधी पंचाहत्तर टक्के भर, मग पंचवीस टक्के सूट. आणि ज्याने बायकोचे मंगळसूत्र मोडून मुदतीत हप्ता भरला होता, त्याचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. पुढच्या योजनांत त्याची आठवण झाली. २०१७ मध्ये त्याला जास्तीत जास्त २५ हजारांचे आणि २०१९ च्या योजनेत ५० हजारांपर्यंतचे 'प्रोत्साहन' देण्याचे ठरले. प्रामाणिकपणाला अनुदान देण्याची पाळी आली, हा भाग वेगळा.

सर्वच तारणे फसवे असते असा याचा अर्थ कोणी काढू नये. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून जगलेली पिढी आमच्या भागात अजून आहे. त्या कामांतूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला बळ मिळाले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिचा खर्च भागवावयास १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. वाचक शिक्षक किंवा कारकून असतील तर त्यांनी आपली पगारपत्रिका काढून पाहावी: दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. या वजावटीबद्दल स्टाफरूममध्ये जेवढी कुरकुर होते तेवढी हजारो कोटींच्या पुनर्भांडवलीकरणाबद्दल झालेली प्रस्तुत लेखकाने ऐकलेली नाही. वास्तविक ही सर्व मदतींतील सर्वांत सरळ मदत होती. देणारा ठाऊक, घेणारा ठाऊक आणि मोबदल्यात बांधलेला पाझर तलाव डोळ्यांना दिसणारा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेही दिसणारेच तारण होते. रेल्वेने त्याचे सुमारे चार कोटींचे देयक जिल्हा प्रशासनाकडे पाठविले तेव्हा पुष्कळांना राग आला. मला मात्र त्या बिलाचे कौतुक वाटले. मदतीची किंमत कागदावर लिहून समोर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे इतकी दुर्मीळ आहे!

त्याच लातूरला पुढच्याच हंगामात तुरीने शिकविलेला धडा निराळा. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. शहरी ग्राहक खवळला. सरकारने तूर लावा म्हणून सांगितले आणि जोडीला आयातीची दारेही उघडली. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार झाला. पाऊस बरा झाला, तूर उदंड आली, आणि भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरला. मग सरकारी खरेदी, मग केंद्रांवर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा, मग बारदाना संपला, मग २२ एप्रिल २०१७ ही शेवटची तारीख. ग्राहकाला तारताना शेतकरी बुडाला आणि शेतकऱ्याला तारावयास निघावे तोच पोती संपली.

राजस्व शिकविताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले होते, 'सर, सगळ्यांना सरकार वाचवतंय, मग सरकार बुडालं तर?' वर्ग हसला. उत्तर इतिहासात आहे. १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने विमानाने परदेशी गेले आणि बँक ऑफ इंग्लंडमध्ये गहाण पडले. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने अखेर भारत सरकारलाही तोच प्रश्न विचारला होता.

सोयाबीनची गोष्ट ताजी आहे. २०२४ च्या खरिपात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात भाव त्याच्या खाली रेंगाळत होता. सरकारी केंद्रावर माल घ्यावयास ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा, असा नियम. परतीचा पाऊस नियम वाचत नाही. माल परत येऊ लागला. पुढे केंद्राने मोठ्या मनाने पंधरा टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालेल असा आदेश काढला. आदेश १५ नोव्हेंबरचा. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला. दिवाळी १ नोव्हेंबरलाच होऊन गेली होती, आणि तिच्या खरेदीसाठी पुष्कळांनी आपले सोयाबीन मिळेल त्या भावाने आधीच आडतीवर घातले होते.