सर, पीडीएफ आहे का?

रविवारी सकाळी सात ते पावणेआठ, एवढाच वेळ माझ्या हाताशी असतो. त्यानंतर गच्चीवर असं ऊन येतं की मुखपृष्ठावरचं लॅमिनेशन चमकायला लागतं आणि फोटोत पुस्तकाच्या नावाऐवजी शेजारच्यांची पाण्याची टाकी उमटते. त्यात नळाचा दिवस असला की संपलंच. पाण्यापुढे पुस्तकाचं कोण ऐकतं!

मी जालन्यात बियाण्यांच्या एका दुकानात हिशेब बघते आणि उरलेल्या वेळात पुस्तकांचं एक पान चालवते. पान म्हणजे मोबाईलमधलं. 2020 च्या जूनअखेरीस टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर रील आले. लॉकडाऊनमध्ये घरात बसून कंटाळलेल्या भाच्यानं मला खातं उघडून दिलं. "मावशी, तू नुसती वाचतच असतीस, तर तेच टाक," म्हणाला. त्याचं टिकटॉकवरचं नाचाचं दुकान बसलं होतं आणि त्याला कुणीतरी गिऱ्हाईक हवं होतं.

पहिलं वर्ष मी इतरांचं बघून चालवलं. पुस्तकाशेजारी कॉफीचा मग, पांढरी चादर, वाळलेली फुलं. आमच्या घरात कॉफी कुणी पीत नाही. मगात काळा चहा ओतून फोटो काढायचा आणि मग तो गार चहा तुळशीला घालायचा, असं कितीतरी महिने चाललं. पुढे मोसंबी आली, कपाशीचं बोंड आलं, हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचं कणीस आलं. लोकांना ते आवडायचं, विशेषतः पुण्या-मुंबईच्या. पण एकदा खाली कुणीतरी विचारलं, "मोसंबी काय भाव?" पुस्तकाबद्दल कुणीच काही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून सजावट बंद. आता फक्त हातात धरलेलं पुस्तक. अंगठ्याला शाई असली तर तीही दिसते.

आवाजाचं काम गच्चीवर होत नाही. आमच्या रस्त्यावरून भंगाराचे ट्रक एमआयडीसीकडे जातात. जालन्यात सळईचे कारखाने, त्यांच्या भट्ट्यांना भंगार लागतं, आणि ट्रक खड्ड्यात आदळला की आतलं लोखंड असं वाजतं की वाक्य मधोमध तुटतं. म्हणून आवाज आतल्या खोलीत, डोक्यावरून गोधडी घेऊन. गोधडीत आवाज घुमत नाही, जवळ बसून बोलल्यासारखा येतो. मे महिन्यात हे करून बघावं! दीड मिनिटाचं बोलणं म्हणजे अर्धा तास घाम.

बोलायचं काय ते आधी जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिते. गोष्ट सांगायची नाही, हा पहिला नियम. मोठा उतारा वाचून दाखवायचा नाही, हा दुसरा. तो लेखकाचा आहे, माझा नाही. मग उरतं काय? पुस्तक वाचताना मी कुठे थांबले, ते. हे सांगणं सगळ्यात अवघड. "अप्रतिम", "खिळवून ठेवणारं", "प्रत्येकाने वाचावं असं" हे शब्द हाताला सवयीनं येतात आणि तेच मी आधी खोडते. अप्रतिम म्हटल्यानं पुस्तक उघडलेला माणूस मी अजून बघितलेला नाही.

खालच्या मजकुराला 2200 अक्षरांची मर्यादा. ऐकायला भरपूर वाटते. पण मोबाईल मराठी अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही, काना-मात्रा-वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर, सगळं वेगळं धरतो. 'पुस्तक' हा आपल्या हिशेबानं तीन अक्षरी शब्द, त्याच्या हिशेबानं सहा. हिशेबनीस बाई असल्यामुळे मला हे पहिल्या आठवड्यातच खटकलं. शिवाय वरच्या दीड-दोन ओळीच दिसतात, बाकीचं झाकलेलं. तेव्हा सगळं त्या पहिल्या ओळीवर. ती जमली नाही तर शनिवारची रात्र तिच्यावरच जाते.

2022 मध्ये मी रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'वर दीड मिनिट बोलले होते. 1971 सालची कादंबरी. खेड्यातला गंगाराम शिंपी, आणि त्याची सगळी कर्मकहाणी सांगते ती त्याची बायको, पारबती. तिच्याच बोलीत, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. ही बोली लातूर-धाराशिवकडची, आमच्याकडची नव्हे. आम्ही 'येऊ राहिलो' म्हणतो, तिकडे 'यायलो'. मी बोलले ते एवढंच: ही बाई नवऱ्याची कैफियत मांडते, पण मध्येच तिचं स्वतःचं जे काही निसटून जातं तिथे मी पुस्तक मिटून चहा ठेवायला उठले. आणि हे मी आमच्या घरच्या बोलीत बोलले, पुस्तकी भाषेत नाही. गोधडीत बसल्यावर पुस्तकी बोलवत नाही.

त्या रीलला तेव्हा काही फार कुणी बघितलं नाही. 11 फेब्रुवारी 2025 ला बोराडे सर गेले. संध्याकाळी दुकानातून घरी आले तर मोबाईल थरथरतोय. कुणीतरी ते जुनं रील पुढे पाठवलं होतं. तीन वर्षांत जेवढ्यांनी ऐकलं नसेल तेवढ्यांनी एका रात्रीत ऐकलं. आणि खाली, एकाखाली एक:

"सर, पीडीएफ आहे का?"

"सर पीडीएफ पाठवा."

"पीडीएफ प्लीज सर."

पानावर माझा चेहरा नाही, फक्त हात आणि आवाज. तरी मी सर. बाईचा आवाज ऐकूनही सर! पुस्तकांबद्दल ठामपणे बोलणारं कुणीही असो, आपल्याकडे त्याला सर म्हणायची रीत दिसते. ते मी कधीच सोडून दिलं.

पीडीएफचं मात्र मला फार लागायचं. मराठीत साधी आवृत्ती हजाराच्या आसपास निघते, हल्ली कधी पाचशेचीच. आणि फुकट पीडीएफ फिरवणाऱ्या एकेका ग्रुपमध्ये त्याहून जास्त माणसं. सुरुवातीला मी प्रत्येकाला कायदा शिकवत बसायचे: लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो, साने गुरुजी 1950 मध्ये गेले म्हणून 'श्यामची आई' आज मोकळी आहे, ती खुशाल उतरवून घ्या, पण ही नाही. माणसं अंगठा दाखवून निघून जायची. वर करायचा अंगठा, पण अर्थ दुसराच.

त्या रात्री घनसावंगी तालुक्यातल्या, जांबेकडच्या एका मुलाला मी असंच सुनावलं. जांब म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव. ज्यांचा दासबोध मठामठांतून हातानं नकलून घेतला गेला, त्यांच्या शिवारातल्या पोराला मी नक्कल मागू नको म्हणून झापत होते, हे नंतर लक्षात आलं आणि जरा ओशाळायलाही झालं. पोरानं उत्तर दिलं: "विकत घेतो ना ताई. कुठं भेटंल?"

पहिल्यांदा कुणीतरी ताई म्हटलं म्हणून म्हणा, मी तो प्रश्न खरंच मनावर घेतला. कुठे भेटेल? त्याच्या गावात दुकान आहे ते वह्या आणि गाईडचं. तालुक्यालाही तसंच. कादंबरी हवी तर जालन्यात विचारायचं, तिथे नसली तर साठ किलोमीटरवर संभाजीनगर. ऑनलाइन मागवावं तर त्याच्या पत्त्यावर 'येथे पोहोच नाही' असं येतं. बारावीतलं पोर दीडशे-दोनशे रुपयांच्या पुस्तकासाठी एसटीला तेवढेच पैसे घालणार का? तो चोर नव्हता. त्याला पीडीएफ हा एकच दरवाजा माहीत होता, म्हणून तो तिथे उभा होता. आणि मी पाच वर्षं पुस्तकांवर बोलत होते, पण पुस्तक कुठे आहे हे एकदाही सांगितलं नव्हतं.

मग मी फोन लावायला घेतले. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली अ, ब, क, ड अशा दर्जांची, अनुदानावर चालणारी वाचनालयं गावोगाव आहेत, राज्यात दहा हजारांच्या वर. बहुतेकांना ठाऊक असतं ते तिथलं वर्तमानपत्रांचं टेबल. आत कपाट असतं आणि कपाटाची किल्ली एका माणसाकडे असते. तो माणूस शेतकरीही असतो, दुकानदारही असतो, आणि त्याला वेळ गाठूनच भेटावं लागतं. असे तीन-चार फोन झाले. चौथ्या ठिकाणचे काका म्हणाले, "बोराडे? थांबा, बघतो." लोखंडी कपाटाचं दार कुरकुरलेलं मला फोनवर ऐकू आलं. मग शांतता. मग, "हाय. पाचोळा हाय."

त्या मुलाच्या गावापासून सात किलोमीटर.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. एक खोली, दोन कपाटं, सतरंजी, भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई. पुस्तकाला खाकी कव्हर, कण्यावर शाईनं नंबर, आत देवाण-घेवाणीची चिठ्ठी. चिठ्ठीवरच्या तारखा वरच्या अर्ध्या भागात दाटीवाटीनं, मग मोठं अंतर, मग सगळ्यात खाली ताजी एक. चार दिवसांपूर्वीची. पोरगा येऊन वाचून परतही करून गेला होता. काका म्हणाले, "सायकलीवर आलं होतं. म्हणलं, कुणी सांगितलं रं तुला? तर मोबाईलात दाखवू राहिलं."

तेव्हापासून माझ्या प्रत्येक मजकुराखाली शेवटची ओळ ठरलेली: हे पुस्तक आपल्या जिल्ह्यात कुठे आहे. अंबडला अमुक ठिकाणी, भोकरदनला तमुक. या ओळीसाठी आठवड्यातून पाच-सहा फोन होतात. त्यामुळे पुस्तकं कमी झाली, महिन्याला चार. पुण्या-मुंबईच्या वाचकांना या ओळीचा काही उपयोग नाही आणि त्यांतले बरेच गळाले. भाचा म्हणतो, मावशी, तुझा रीच पडला. पडू दे. नवोदित कवींचे मात्र फोन पडले नाहीत. स्वखर्चानं काढलेला संग्रह, सोबत तयार लिहिलेलं कौतुक, 'फक्त वाचून दाखवा मॅडम'. त्यांना मी मॅडम असते, कारण त्यांनी नंबर मिळवलेला असतो. पुस्तक भेट आलं असेल तर तसं स्पष्ट लिहिते आणि आवडलं नाही तर गप्प बसते. गप्प बसणं हेसुद्धा मत आहे, ते त्यांना बरोबर कळतं.

जिथे कपाटात पुस्तक नाही तिथे मी माझं पाठवते. आधी छापील पुस्तकांसाठी बुक पोस्टाची स्वस्त सोय होती, ती 2024 च्या डिसेंबरात बंद झाली. पुढच्या 1 मेपासून डाक खात्यानं ज्ञान पोस्ट सुरू केलं: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100. कुरिअर तालुक्यापाशी थांबतं, पोस्टमन गावात जातो. तेव्हा सगळा खेळ आला 300 ग्रॅमवर. दुकानातल्या काट्यावर मी पुस्तकं तोलते. कपाशीचं पाकीट 475 ग्रॅमचं, त्यामुळे हाताला वजनाचा अंदाज आहेच. पुस्तक 270 भरलं की आनंद, 290 भरलं की पुठ्ठा काढायचा, चिकटपट्टी कमी लावायची. दुकानातला हमाल पहिल्यांदा म्हणाला, "ताई, हे किलोनं विकायचं का?"

नियम एकच: वाचून झालं की मला परत नाही, यादीतल्या पुढच्या माणसाला पाठवायचं, तिकीट आपलं आपण. पेन्सिलनं खुणा चालतील, पेन नको. माझी 'पाचोळा'ची प्रत अशी मार्चमध्ये कुरिअरनंच बाहेर पडली आणि मेपासून ज्ञान पोस्टानं फिरली. मंठा, परतूर, मग बदनापूरकडे कुठेतरी.

जूनमध्ये आमचं पान बंद असतं. पेरणीच्या तोंडावर दुकानात श्वास घ्यायला वेळ नसतो, रांग रस्त्यापर्यंत जाते. अशाच एका दुपारी पोस्टमन काउंटरवर पाकीट ठेवून गेला. यादी संपली होती म्हणून शेवटच्या माणसानं मलाच पाठवलं होतं. उघडून बघायला सवड नव्हती, सवयीनं काट्यावर टाकलं. निघताना 282 होतं, आता 341.

रात्री शटर ओढल्यावर उघडलं. कुणीतरी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, त्यावर दुसऱ्या कुणी खाकी. कणा सुटला होता तो गोधडीच्या दोऱ्यानं शिवलेला, टाके चांगले सफाईदार, शिंप्याचे म्हणावेत असे. मधल्या पानात तुरीचं वाळलेलं पान. समासात तीन वेगवेगळ्या पेन्सिली, आणि एका पानावर पेनसुद्धा. शेवटच्या कोऱ्या पानावर नावं, एकाखाली एक. मी दिलेल्या यादीत पाचच माणसं होती. इथे अकरा होती.

सकाळी एका नव्या मुलीचा पत्ता आला होता, जाफराबाद तालुक्यातल्या. कव्हरं काढली असती तर बसलं असतं 300 मध्ये. नाही काढली. पुढच्या टप्प्याचं तिकीट लावलं.