जनपदोद्ध्वंस आणि लोकसेवेची त्रिविध परीक्षा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन आहे. वायू, जल, देश व काल हे चार भाव सर्वांना समान असल्यामुळे ते विगुण झाले की भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, हे आपण जाणतो. मात्र त्याच अध्यायात या वैगुण्याचे मूळ अधर्मात सांगितले असून, देश, नगर व जनपद यांचे प्रमुख धर्म सोडून वागू लागले म्हणजे तो अधर्म वाढतो, असेही प्रतिपादन आहे. साथीच्या निदानात आचार्यांनी कारभाराचाही विचार केला आहे. आपण तो सहसा करीत नाही.

याचे उदाहरण आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. जुलै 2022 मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी येथे दूषित पाण्यामुळे साथ उद्भवून काही ग्रामस्थ दगावले. वीजदेयक थकल्याने नळयोजनेची वीज खंडित झाली होती आणि लोकांना उघड्या विहिरीचे पाणी प्यावे लागले. व्याधी अतिसाराची होती. तिचा हेतू मात्र थकबाकीच्या नोंदीत होता. ती नोंद वेळीच कोणी पाहिली असती, तर उपाययोजनेस अवसर मिळाला असता.

वरूड तालुक्यात संत्राबागांसाठी होणाऱ्या उपशामुळे भूजल अतिशोषित झाले आहे; त्यामुळे उपलब्ध पाण्याची शुद्धता राखणे येथे अधिकच अगत्याचे ठरते. शहरात ही जबाबदारी नगरपरिषदेची, तर खेड्यात ग्रामपंचायतीची आहे. या कारभाराच्या परीक्षणासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 आपल्या परिचित दर्शन, स्पर्शन व प्रश्न या परीक्षांसारखीच तीन साधने देतो.

दर्शन : अभिलेख व कामे प्रत्यक्ष पाहण्याचा अधिकार नागरिकास आहे. 2018 मध्ये राज्य शासनाने जिल्हास्तरीय व त्याखालील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अभिलेख पाहण्याची मुभा दिली. पाणी नमुना तपासणीचे अहवाल, टीसीएल पावडरीची साठानोंदवही व वीजदेयके प्रथम पाहावीत. खेड्यात पावसाळ्यापूर्वी व नंतर होणाऱ्या सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतीस लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणते, हे विचारावे.

स्पर्शन : साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. ताज्या टीसीएल पावडरीत सुमारे 33 टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. उष्णता, ओल व हवा लागून तो घटतो. नोंदवहीत साठा पूर्ण असला, तरी त्याचे वीर्य क्षीण झालेले असू शकते. औषधीद्रव्याच्या साठवणुकीविषयी दक्ष असणाऱ्या औषधालयचालकांस हे वेगळे सांगावयास नको.

प्रश्न : 10 रुपये शुल्कासह एका विषयापुरता, 150 शब्दांच्या आतील अर्ज करावा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित माहितीस मात्र 48 तासांची. उत्तर न मिळाल्यास वा असमाधानकारक वाटल्यास 30 दिवसांत प्रथम अपील व त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते. विनाकारण विलंब करणाऱ्या माहिती अधिकाऱ्यास प्रतिदिन 250 व कमाल 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

प्रश्न मोघम नसावा. 'पाणीपुरवठ्याची सर्व माहिती द्यावी' असे न लिहिता, 'गेल्या सहा महिन्यांत किती नमुने तपासले, किती दूषित आढळले व त्यावर कोणती कार्यवाही झाली' असे विचारावे. रुग्णांची नावे मागू नयेत व मिळालेल्या माहितीचा धाक घालू नये. नोंदीतील उणीव ग्रामसभेत मांडावी अथवा मुख्याधिकाऱ्यांस लेखी कळवावी.

कुटजघनवटीची वा संजीवनी वटीची मागणी एखाद्या भागातून एकाएकी वाढली, तर ती प्रथम औषधालयचालकाच्याच लक्षात येते. त्या आठवड्यातील विक्रीची तारीखवार नोंद ठेवून ती जवळच्या वैद्यास व आरोग्य केंद्रास कळवावी. अर्जाचे उत्तर येण्यास महिना लागू शकतो. ही सूचना त्याच दिवशी पोहोचते. निदानपरिवर्जन हीच चिकित्सेची पहिली पायरी असेल, तर गावाच्या पाण्याचा हिशेब विचारणे हेदेखील वैद्यकर्मच होय.